तिची बॅट, तिची लीग, तिचा पगार

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधली ती शेवटची आगगाडी सुटते ते स्टेशन पडद्यावर पंजाबातलं वाटतं, पण चित्रीकरण झालं आपल्या आपट्याला! १९९५ साली आलेल्या त्या सिनेमाने पाताळगंगेच्या बाजूचं हे छोटंसं स्टेशन साऱ्या देशाला दाखवलं. आपट्याहून दिव्याकडे जाणारी गाडी धरायची, रसायनी आणि सोमटणे मागे टाकून पनवेलला उतरायचं, हार्बरची लोकल पकडायची. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि सहावं स्टेशन नेरूळ. देशातली बायकांची सगळ्यात श्रीमंत व्यावसायिक लीग सुरू झाली ती याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. म्हणजे आपट्याच्या पोरीला एक गाडी बदलून जाता येईल इतक्या अंतरावर.

तर चला, बायका, बॅट आणि पगार यांच्या काही भन्नाट गोष्टी.

पहिलीच रात्र, १४३ धावांची

तारीख ४ मार्च २०२३. महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना, मुंबई इंडियन्स विरुद्ध गुजरात जायंट्स. कप्तान हरमनप्रीत कौरने ३० चेंडूंत ६५ धावा कुटल्या आणि त्यांत चौकारच १४. मुंबईचा धावफलक ५ बाद २०७ वर थांबला. गुजरातचा डाव किती धावांत आटोपला? ६४! पहिल्याच सामन्यात १४३ धावांनी विजय.

त्या हंगामात बायका-मुलींना तिकीटच नव्हतं, प्रवेश फुकट. पुरुषांनी मात्र पैसे मोजायचे. मला ही युक्ती फार आवडते. गर्दी बायकांची हवी असेल तर आधी दार उघडावं लागतं. आई, मावशी, आजी अशी अख्खी घरं स्टेडियममध्ये शिरली, आणि गॅलरीतला आवाज टीव्हीवरसुद्धा वेगळा ऐकू येत होता.

बावीसच्या बावीस सामने दोनच मैदानांवर झाले, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि चर्चगेटजवळचं ब्रेबर्न. नावं दिल्ली, बंगळुरू, गुजरात, यूपी अशी देशभरची, पण घर सगळ्यांचं मुंबई-नवी मुंबईच.

हातोडाही बाईच्याच हातात

खेळाडूंचा लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत झाला. हातोडा होता मल्लिका सागर यांच्या हाती. मूळ काम चित्रांच्या लिलावाचं. क्रिकेटच्या आधी त्यांनी प्रो कबड्डीच्या खेळाडूंचीही बोली चालवली होती.

त्या दिवशीची सर्वांत मोठी बोली होती ३ कोटी ४० लाखांची, सांगलीच्या स्मृती मानधनावर. तिचीही एक गंमत आहे. २०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. आणि बॅट कोणाची? राहुल द्रविडने तिच्या भावाला, श्रवणला दिलेली.

पुण्याची देविका वैद्य १ कोटी ४० लाखांना यूपीकडे गेली. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज २ कोटी २० लाखांना दिल्लीकडे. जेमिमा लहानपणी महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

संघांची किंमत पाहा. पाच संघ मिळून ४,६६९ कोटी ९९ लाख. प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना, म्हणजे एका सामन्यामागे सात कोटींहून जास्त. तोवर एकही चेंडू टाकला गेला नव्हता!

बॅटवर पेनाने लिहिलेलं ‘एमएसडी ०७’

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. किरण नवगिरे ही सोलापूर जिल्ह्यातली पोर. मूळची मैदानी खेळांतली, भाला फेकणारी, गोळा फेकणारी. धोनीचा २०११ च्या विश्वचषकातला शेवटचा षटकार तिच्या मनात घर करून बसला. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळेना, तेव्हा तिने थेट नागालँड गाठलं. २०२२ मध्ये नागालँडकडून एका टी-ट्वेंटी सामन्यात १६२ धावा काढल्या. तोवर कुठल्याही भारतीयाने, बाई असो वा बुवा, टी-ट्वेंटीत दीडशे ओलांडले नव्हते.

त्याच वर्षी पुण्याजवळ गहुंजेला, महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये, तिने २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. मग लीगच्या लिलावात यूपी वॉरियर्झने ३० लाखांना तिला घेतलं. ५ मार्च २०२३, नेरूळ. किरण मैदानात उतरली आणि कॅमेऱ्याने तिची बॅट जवळून दाखवली. बॅटवर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. मोकळ्या जागेत तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘एमएसडी ०७’. त्या बॅटने तिने ५३ धावा केल्या आणि यूपी जिंकली.

पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राकडून परत खेळताना, पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पुरं केलं. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमधलं जगातलं सर्वांत वेगवान शतक! ज्या महाराष्ट्रात जागा नव्हती, त्याच महाराष्ट्राच्या जर्सीत. अशा मुलींना कोणी एकदा बोलावलं की त्या काय करून दाखवतात, ते या एका नावात सापडतं.

धारावीची सिमरन, दहा लाखांचे एक कोटी नव्वद लाख

आपट्याच्या स्टेशनवर पडद्यावरची सिमरन गाडीमागे धावली होती. ही दुसरी सिमरन, धारावीची सिमरन शेख, गल्लीत मुलांबरोबर खेळून मोठी झालेली. पहिल्या हंगामात यूपीने तिला १० लाखांत घेतलं. मग संघ सुटला. डिसेंबर २०२४ च्या छोट्या लिलावात तिचं नाव पुन्हा पुकारलं गेलं, मूळ बोली तीच, दहा लाख. बोली चढत चढत गेली आणि १ कोटी ९० लाखांना गुजरातने तिला नेलं. त्या दिवशीची सगळ्यात महाग खेळाडू. एकोणीसपट!

जाता जाता: लीगमधली पहिली हॅटट्रिक मुंबईच्या इसी वाँगने २४ मार्च २०२३ ला घेतली, तीही नेरूळलाच. त्या तीन विकेटमधल्या पहिल्या दोघी कोण? किरण नवगिरे आणि सिमरन शेख.

नेरूळ, म्हणजे बायकांच्या खेळाचं माहेर

डी. वाय. पाटील स्टेडियम पुरुषांच्या आयपीएलच्या पहिल्या अंतिम सामन्यासाठी ओळखलं जायचं (१ जून २००८). पण गेल्या काही वर्षांची यादी वाचा.

फेब्रुवारी २०२२, आशियाई महिला फुटबॉल चषकाची अंतिम लढत, चीनने कोरियाला ३-२ ने हरवलं. ऑक्टोबर २०२२, मुलींच्या १७ वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेन विजेता. मार्च २०२३, लीगचा श्रीगणेशा. डिसेंबर २०२३, भारताने इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं, बायकांच्या कसोटीतला धावांचा सर्वांत मोठा विजय. पहिल्या डावात दीप्ती शर्माने सात धावांत पाच बळी घेतले. सात धावांत पाच!

आणि मग २०२५. महिला क्रिकेट विश्वचषकाचे इथले सामने खरं तर बंगळुरूला व्हायचे होते, ऐन वेळी ते नवी मुंबईकडे आले. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या आणि भारताने त्या पार केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतक्या धावांचा पाठलाग त्याआधी कोणीही यशस्वी केला नव्हता. जेमिमा नाबाद १२७. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, पावसामुळे उशिरा सुरू झालेली अंतिम लढत. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी मागे आणि भारत पहिल्यांदा विश्वविजेता.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. १९८८ च्या हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. नेरूळच्या मैदानावर हरमनप्रीतने झेल टिपला आणि मुजुमदारांच्या हाती विश्वचषक आला.

बक्षिसाचा आकडाही ऐका. विजेत्यांना सुमारे ४४ लाख ८० हजार डॉलर. पुरुषांच्या २०२३ च्या विश्वचषकात विजेत्यांना ४० लाख मिळाले होते.

आणि पन्नास वर्षांआधी? तीन संघ!

पहिली राष्ट्रीय महिला क्रिकेट स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात झाली. संघ किती? मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, बस्स. त्याच वर्षी लखनौला महेंद्रकुमार शर्मा यांनी महिला क्रिकेट संघटना नोंदवली होती. कऱ्हाडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाण या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

१९७६ मध्ये भारताची पहिली कसोटी बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध झाली आणि पदार्पणातच पाच बळी घेतले ते पुण्याच्या शुभांगी कुलकर्णीने. याच शुभांगीताई पुढे संघटनेच्या सचिव झाल्या आणि संघटना बीसीसीआयमध्ये विलीन होईपर्यंत त्यांनी ते काम सांभाळलं. मुंबईच्या डायना एडलजींनी रेल्वेत महिला क्रिकेटचा संघ उभा केला. रेल्वेची नोकरी म्हणजे खेळणाऱ्या मुलीला महिन्याचा पगार! व्यावसायिक लीग यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे बायकांच्या खेळाला रेल्वेने पोसलं. हे ऋण मोठं आहे आणि ते मोठ्याने सांगायला हवं. २०२३ मध्ये डायनाताई आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, तिथे पोचलेली पहिली भारतीय महिला.

२००५ च्या विश्वचषकात अंतिम फेरी गाठूनही सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असं मिताली राजने सांगितलंय. आठ सामने, आठ हजार. २०२२ च्या ऑक्टोबरपासून बायकांना आणि पुरुषांना सामन्याचं मानधन सारखं झालं, एका कसोटीचे १५ लाख.

च्युइंगम विकणाऱ्याने काढलेली बेसबॉल लीग

आता सातासमुद्रापार. बॅट-चेंडू आणि बायकांचा पगार ही जोडी अमेरिकेने आपल्या ऐंशी वर्षं आधी जमवली होती. १९४३, दुसरं महायुद्ध, तरुण खेळाडू आघाडीवर, मैदानं ओस पडायची भीती. च्युइंगमवाले फिलिप रिग्ली शिकागो कब्ज संघाचे मालक होते. त्यांनी बायकांची लीग काढली, चार संघांची. ३० मे १९४३ ला पहिला सामना झाला.

पगार आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर. त्या काळी कारखान्यातल्या पुष्कळ कामगारांहून जास्त. पण अटी! खेळायचं ते आखूड स्कर्ट घालून. बेस गाठायला मातीवर घसरावं लागतं, तेव्हा मांड्या सोलून निघायच्या. ओठांना लिपस्टिक हवीच. सुरुवातीला सौंदर्यप्रसाधनांवाल्या हेलेना रुबिनस्टाइन यांच्या शाळेत मुलींना चालायचं, बसायचं, बोलायचं शिक्षण दिलं जायचं. दिवसभर सराव, संध्याकाळी शिष्टाचाराचा वर्ग. या सगळ्याचा मला राग येतो आणि त्या मुलींचं कौतुकही वाटतं. सोलल्या मांड्यांनी खेळत सोफी क्युरिसने १९४६ च्या एका हंगामात २०१ बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठला!

चेंडूसुद्धा वर्षागणिक लहान होत गेला. सुरू झाला तो बारा इंच घेराचा सॉफ्टबॉल, हात खालून फिरवून टाकायचा. शेवटी पुरुषांच्या चेंडूएवढा, खांद्यावरून फेकायचा. १९४८ मध्ये वर्षभरात नऊ लाखांवर प्रेक्षक आले. १९५४ ला लीग बंद पडली. सहाशेहून जास्त बायका तिच्यात खेळल्या. १९९२ चा ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

आणि हा किस्सा तर कमालच. शिकागोच्या रिग्ली फील्डवर दिव्यांच्या उजेडात पहिला सामना कोणी खेळला? १ जुलै १९४३ ला, तात्पुरते दिवे लावून, याच बायकांनी. कब्जच्या पुरुषांना तिथे दिव्याखाली खेळायला १९८८ साल उजाडावं लागलं.

सतरा वर्षांची पोर आणि बेब रूथ

२ एप्रिल १९३१, अमेरिकेतल्या चॅटानूगा शहरातला प्रदर्शनीय सामना. जॅकी मिचेल, वय १७, डावखुरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. समोर बेसबॉलचे महान फलंदाज, आधी बेब रूथ, त्याच्यामागून लू गेरिग. दोघेही बाद.

१९५२ मध्ये एलिनॉर एंगल या मुलीला पुरुषांच्या एका छोट्या संघाने करारबद्ध केलं, तेव्हा बेसबॉलच्या वरिष्ठांनी बायकांशी करारच करायचा नाही असा हुकूम काढला. तरीही पुढच्याच वर्षी टोनी स्टोन कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांत खेळली.

जपान, जपान आणि जपान

महिला बेसबॉलचा विश्वचषक २००४ ला सुरू झाला. पहिले दोन अमेरिकेचे. त्यानंतरचे सगळे, २०२४ पर्यंत सलग सात, जपानचे. २०१० मध्ये जपानने मुलींची व्यावसायिक लीगही काढली, दोनच संघांनिशी. ती २०२१ ला थांबली, पण शाळा-कॉलेजांतले मुलींचे संघ टिकून आहेत आणि विश्वचषक तिथूनच येतात.

सत्तर वर्षांनी पुन्हा

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत महिला व्यावसायिक बेसबॉल लीगची घोषणा झाली. तिच्या सहसंस्थापक जस्टिन सीगल. पुरुषांच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या एका संघाने प्रशिक्षक म्हणून घेतलेली पहिली बाई (ओकलंड, २०१५). ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कवर निवड चाचणी झाली आणि सहाशेहून अधिक मुली आल्या. संघ चार: न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. २० नोव्हेंबरला खेळाडूंची निवड झाली, पहिलं नाव केल्सी व्हिटमोर, दुसरं जपानची अयामी सातो. पहिला हंगाम २०२६ चा ठरला, आणि तोही सगळा एकाच गावात, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला. नावं चार शहरांची, मैदान एक. आपल्या लीगच्या पहिल्या वर्षासारखंच, फक्त आपल्याकडे मैदानं दोन होती! खर्च आवाक्यात ठेवायची ही रीत दोन्ही खंडांत सारखीच निघाली.

बेसबॉलचा चेंडू उचलून पाहा

बायकांच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. बेसबॉलचा साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा. म्हणजे वजन जवळपास तेच! पिचर आणि बॅटर यांच्यात १८.४४ मीटर, क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर. फरक एवढाच की चेंडू टप्पा घेत नाही आणि बॅट गोल.

महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत मुली सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळतात. २०१६ मध्ये कोरियातल्या गिजांगला झालेल्या महिला बेसबॉल विश्वचषकात बारा देशांत भारतही होता. बारामतीची रेश्मा पुणेकर भारताच्या संघातून खेळली आहे. दुबईच्या ‘बेसबॉल युनायटेड’ लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघसुद्धा आहे, पण तो पुरुषांचा. मुंबईचं नाव लावणारा मुलींचा बेसबॉल संघ निघावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. भाला फेकणारे, गोळा फेकणारे, शेतात राबून घट्ट झालेले हात आपल्याकडे गावोगाव आहेत. किरण नवगिरे कुठून आली, ते वर वाचलंतच.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांना क्रिकेट आहे, सॉफ्टबॉल आहे. बेसबॉल फक्त पुरुषांना. ही रेघ कोणीतरी पुसायला हवी.

मातीतले खेळ अजून रांगेत

२०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिला कबड्डी चॅलेंज झाली. तीन संघ, त्यांतल्या आइस डीवाजची कप्तान मुंबईची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. एवढा रंगलेला खेळ, पण ती स्पर्धा दुसऱ्या वर्षी झालीच नाही. रायगडच्या गावांत कबड्डी कशी मुरलेली आहे हे पाहिलेल्या कोणालाही याचं वाईट वाटेल.

खो-खोचं तर विचारूच नका. जानेवारी २०२५, दिल्ली, पहिला विश्वचषक. भारताच्या मुलींची कप्तान महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवून त्या विश्वविजेत्या झाल्या. त्याआधी अडीच वर्षं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली होती. सहा संघ, आणि सहाच्या सहा पुरुषांचे. विश्वविजेत्या पोरींची लीग काढायला आता मुहूर्त कसला पाहायचा?